चेटकीण मी कुठून आणली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता पोटात ठेवून झोप लागत नाही. किती वेळा सांगायला बसले आणि भलतंच काहीतरी बोलून उठले!

मी मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिते. म्हणजे लिहिते मुलांसाठी, वाचतात मात्र सगळेच. आई पोराला वाचून दाखवायला पुस्तक उघडते आणि पोरगं झोपलं तरी स्वतः वाचत बसते. आजोबा नातवाच्या हातातून ओढून घेतात. हे असं का होतं, असं दादरच्या कार्यक्रमांत मला हमखास विचारतात. मग मी तोंड वर करून सांगते — प्रत्येक मोठ्या माणसात एक मूल दडलेलं असतं वगैरे. टाळ्या पडतात. खोटं आहे हो ते! निदान माझ्यापुरतं तरी खोटं.

उडते घोडे, बोलणारी झाडं कुणीही लिहील. माझं पुस्तक चाललं ते चेटकिणीमुळे. ती खरी वाटते. एक पाय फरफटत चालते, एक डोळा पांढरा, दारात उभी राहून गोड आवाजात 'येवा, येवा' करते, पोरांना लाडू देते आणि — पुढचं जाऊ दे. लहानांना तिची भीती वाटते. मोठ्यांना वाटतं, अरे, हिला आपण कुठेतरी पाहिलंय.

मी तर रोजच पाहत होते.

लालबागला आमच्या चाळीत, आईच्या शेजारच्या खोलीत, शेवंतामावशी राहते. एकटी. ज्यांचे आईबाप कामाला जायचे ती पोरं शाळा सुटली की थेट तिच्याकडे. मीही त्यातलीच. तिचे कुरमुऱ्यांचे लाडू खाऊन वाढले मी. आणि तिचा पाय, तिचा डोळा, तिची हाक — सगळं उचललं. माझं मन कसं धजावलं, विचारताय? मनबिन काही आड आलं नाही. लिहिताना मजा येत होती.

पुस्तक चाळीतही पोचलं. पोरांना ओळखायला कितीसा वेळ लागतो? एकेक करून यायची बंद झाली. एक पोरगी तर मावशीची हाक ऐकून किंचाळत जिन्यावरून पळाली. आईने हे मला हसत हसत सांगितलं, मीही हसले. मावशीला वाचता येत नाही आणि तिला कुणी काही सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत निदान पाय तरी बदलता आला असता. नाही बदलला — चेटकीण खपत होती ना!

पण एवढंच असतं तर... मला कबूल करायचंय ते याच्याही पुढचं आहे.

दुसऱ्या भागात एक प्रकरण आहे. पोरं निसटून गेलीत आणि चेटकीण दारात त्यांची वाट बघत बसलीय. ते वाचून मोठी माणसं रडतात, मला फोन करतात. त्या प्रकरणासाठी मी मुद्दाम मावशीकडे गेले होते. भेटायला म्हणून. तिने चहा टाकला, डबा पुढे केला. लाडू मऊ पडले होते. मग म्हणाली, "पोरां हल्ली येनत नाय गो. माजा काय चुकला?"

"परीक्षा आहेत गं त्यांच्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पटलं नव्हतं तिला. पदराने तोंड पुसत राहिली, पण रडू काही आवरेना. उठून जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, एवढं तरी — नाही. मी समोर बसून, रडताना तिच्या पांढऱ्या डोळ्यातूनही पाणी येतं का, ते बघत होते.