समोरचा तेव्हा कसा होता

उजव्या हाताची मूठ हनुवटीला हलकेच टेकवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि दमलेल्या आवाजात विचारायचं, "ते ठीक आहे. पण समोरचा तेव्हा कसा होता?"

कुणाच्याही यशाची बातमी आमच्या शेजाऱ्यांच्या कानावर गेली की हे ठरलेलं. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये त्यांचं क्वार्टर आणि आमचं क्वार्टर समोरासमोर, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच आला. ते मूळचे नागपूरचे. तरुणपणी बॉक्सर म्हणून कारखान्यात आले आणि पुढे वेल्फेअर ऑफिसात कारकून झाले. कॉलनीत मागून सगळे त्यांना 'वजाबाकी' म्हणायचे. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. पेढ्याचा डबा पुढे केला की आधी त्यातला एखादा फुटका पेढा दाखवणारी.

एका वर्षी गणपतीत मला रांगोळीचं पहिलं बक्षीस मिळालं. ते मांडवात आले, रांगोळीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अभिनंदन, वहिनी. कुलकर्णीबाई होत्या का यंदा?"

कुलकर्णीबाई नव्हत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी इंदूरला गेल्या होत्या. मी तसं सांगितल्यावर ते नुसतं "हं" म्हणाले आणि प्रसादाला हात पुढे केला. त्या "हं"चा मला इतका राग आला, की त्यांच्या बायकोची वाटी मी आठवडाभर परत केली नाही.

क्लबातल्या टीव्हीवर जगज्जेत्याची लढत असली की मात्र त्यांना ऐकावं. सगळे टाळ्या पिटत असायचे आणि हे मागच्या खुर्चीवरून म्हणायचे, "जेत्याला काय बघता, समोरच्याचे पाय बघा. हात शेवटपर्यंत साथ देतात जी, आधी पाय जातात. पाय ओढून राहिला तो." मग त्या जगज्जेत्याने हरवलेले सगळे गडी एकेक करून निघायचे. हा दुखापतीतून नुकताच उठलेला. त्याने वजन उतरवायला स्वतःला उपाशी मारलेलं. तो तर निवृत्त झालेला, घर चालवायला परत आलेला.

"म्हणजे हा जगज्जेता खोटा?" आमच्या ह्यांनी एकदा वैतागून विचारलं.

"खोटा नाही हो. पण खरा किती, ते कोण सांगणार?" असं म्हणून ते लढत संपण्याआधीच उठून घरी गेले. जिंकणाऱ्याचा हात वर करतात, तेवढं त्यांना बघवत नसे.

त्यांचा स्वतःचा एक कप होता. कारखान्याच्या स्पर्धेत अंतिम लढत जिंकून मिळवलेला, चांगला दोन कानांचा. तो शोकेसमध्ये नव्हता. गॅलरीत खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्यात त्यांची बायको कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायची. मला वाटायचं, काय हा साधेपणा.

तो साधेपणा नव्हता, हे मला टाउनशिपजवळच्या सोनागिरीतल्या पिठाच्या चक्कीमुळे कळलं. चक्की गनीभाईंची. ते आमच्याच कारखान्याच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले. चक्की मुलगा चालवायचा आणि हे दारात स्टुलावर, भुवयांवर पीठ घेऊन बसायचे. नाक डावीकडे चांगलंच वाकलेलं. मी कुठल्या ब्लॉकमध्ये राहते ते कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"उनके सामने रहती हैं आप? बहनजी, ये नाक उन्हीं की दी हुई है! फ़ाइनल में तोड़ी थी." मग डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी नाक दोन्ही बाजूंनी दाखवलं. "क्या फ़ाइटर था वो आदमी! हाथ दिखता नहीं था. लग जाता था, तब पता चलता था."

हे ऐकून शेजाऱ्यांना बरं वाटेल म्हणून मी घरी आल्याआल्या त्यांना सांगितलं. ते जिन्याच्या पायरीवर खालीच बसले.

"नाक दाखवतो तो लोकांना?" त्यांनी विचारलं आणि मग म्हणाले, "रमजान होता, वहिनी. लढत भर दुपारी. फेरी संपली की त्याचा माणूस पाण्याची बाटली पुढे करायचा आणि तो मान हलवायचा. मला तिथेच समजलं. पंचांना सांगता आलं असतं, की लढत ईदनंतर ठेवा. पण त्या कपावर माझी नोकरी पक्की होणार होती. मी गेलो आणि मारलं."

इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या विजयातून वजाबाकी करत नव्हताच. त्याला आपला एकच विजय सोसत नव्हता. मला त्यांची फार दया आली, आणि कंटाळाही आला. एवढं ओझं घेऊन रोज ऑफिसला जायचं, दूध आणायचं, म्हणजे माणूस दमणार नाही तर काय?

ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी कापडी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "चक्कीवर येता का? एकट्याचे पाय उचलत नाहीत."

पिशवीत तो कप होता, राखेने घासून लख्ख केलेला.

गनीभाईंनी लांबूनच ओळखलं. "को खाँ, बाल सफ़ेद कर लिए!" असं अस्सल भोपाळी थाटात म्हणत ते उठले. शेजाऱ्यांनी कप काढला आणि तराजूच्या पारड्यात ठेवला.

"ये तेरा है, गनी. उस दिन तेरा रोज़ा था."

"था. तो?"

"तो तू पूरा नहीं था."

मुलाने चक्की बंद केली. गनीभाईंचा चेहरा मी कधी उतरलेला पाहिला नव्हता, तो त्या दिवशी पाहिला.

"पूरा नहीं था? मियाँ, उस दिन से अच्छा मैं ज़िंदगी में कभी नहीं लड़ा. फिर फाउंड्री में लग गया, दस्ताने दोबारा हाथ में नहीं आए. मेरे पास वही एक दिन है. वो भी ले जाओगे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सामने तो तू ही था. तू बता, कैसा था मैं?"

आमच्या शेजाऱ्यांची मूठ सवयीने हनुवटीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"तेरे पैर," ते सावकाश म्हणाले, "तेरे पैर ज़मीन पर टिकते ही नहीं थे, गनी. मैं ढूँढता रह गया. पूरा था तू."

"फिर? उठा अपना कप. ये यहाँ रहेगा तो मैं किससे हारा, लोगों को क्या बताऊँगा?"

ते बोलले ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. जगज्जेत्यांना अर्धा गुण न देणाऱ्या माणसाने तो पूर्ण दिला, एवढं मी पाहिलं. परत येताना कप पिशवीत नव्हता, काखेत होता. दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले, तेव्हाही तो मांडीवर होता. चिमटे त्यांच्या बायकोने मला दिले. अजून वापरते.

पुढे नागपूरहून तिचा फोन आला. ते गेले होते. शेवटचे काही महिने अंथरुणातच होते, चमच्याने भरवावं लागे, मूठसुद्धा वळत नव्हती, असं ती रडत सांगत होती.

गहू घेऊन चक्कीवर गेले तेव्हा मी गनीभाईंना सांगितलं. त्यांचा हात नाकाकडे गेला.

"आख़िर में कैसे थे, बहनजी?"

"एकदम तगड़े," मी म्हटलं. "चलते-फिरते गए."

"वो तो जाएँगे ही," गनीभाई म्हणाले. मग डोळे पुसले आणि माझ्यामागे डबा घेऊन उभ्या असलेल्या नव्या बाईकडे वळले. "बहनजी, ये नाक देख रही हैं आप?"