पिशवीची मागची बाजू

व्हर्ना हाफमूनने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. ग्रेव्हल फोर्डमधली निम्मी माणसं तिच्या हातचं बटाट्याचं सूप खाऊन वाढली आहेत, आणि ताटात टाकलं तर तिची बोलणीही. ती निमीपू, इथल्या मूळ आदिवासींपैकी. हे खोरं आणि ही नदी तिच्या लोकांची होती, मग आमच्या पणजोबांनी येऊन कुंपणं घातली. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलून कुणी दाखवत नाही. मे महिन्यात डोंगरमाथ्यावर बर्फ असतानाच खाली कुरणात कॅमसची निळी फुलं येतात. लांबून तळंच वाटतं. तेव्हा व्हर्ना काठी घेऊन त्यांचे कंद खणायला जाते. पहिल्या दिवसाचे कंद ती स्वतःला ठेवत नाही, सगळे वाटून टाकते. मलाही मिळतात. चवीला गोड, पण पोट दिवसभर गुरगुरतं.

माझं अक्षर बरं म्हणून गावच्या संग्रहालयातल्या चिठ्ठ्या मी लिहितो. तिथे काचेमागे एक पिशवी आहे, कंद साठवायची, मक्याच्या सालीची विणलेली, त्यावर रंगीत लोकरीची नक्षी. कुणा रँचवाल्याच्या कुटुंबाने ती दिली. आम्ही शहाण्यांनी ती फळीवर खिळे ठोकून बसवली आणि खाली मी झोकात लिहिलं, ‘विणणारी अज्ञात’. तीस वर्षं ती चिठ्ठी तशीच राहिली.

गेल्या वसंतात ठरलं की चिठ्ठ्या काढून पितळी पाट्या लावायच्या. पाटीवर एकदा कोरलं की झालं. मजकूर वर्तमानपत्रात छापला, आणि दुसऱ्या दिवशी व्हर्ना संग्रहालय समितीच्या बैठकीत येऊन बसली. ती पिशवी आपल्या आजीने विणली आहे, तेवढं पाटीवर लिहा, असं तिने सांगितलं.

अध्यक्ष क्लाइड बर्गस्ट्रॉमच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला वाटलं, आज नाव मागते आहे, उद्या पिशवी मागेल. त्याने फार गोड आवाजात पुरावा मागितला, आणि इतकी वर्षं गप्प का होतात, हेही विचारलं.

“आजीने ती रँचवाल्याच्या बायकोला भेट दिली होती,” व्हर्ना म्हणाली. “तिचं बाळ आजीच्या हातावर झालं, त्या आनंदात. दिलेली वस्तू आम्ही परत मागत नाही. ही माझ्या आजीची, असं नुसतं बोलले असते तरी मागितल्यासारखंच झालं असतं. म्हणून गप्प होते. पण पितळेत ‘अज्ञात’ कोरणार म्हटल्यावर मला झोप लागेना.”

क्लाइडने घसा खाकरला. नुसत्या तोंडी शब्दावरून नाव कसं कोरायचं, म्हणाला.

“मग पिशवी उलटा,” व्हर्ना म्हणाली. “आमच्या पिशवीच्या दोन्ही बाजूंची नक्षी कधी एक नसते. मागे झाडं आहेत. तीन ओळी, हिरवी. शेवटच्या ओळीत हिरवी लोकर संपली म्हणून आजीने आजोबांचा मोजा उसवला. शेवटची दोन झाडं तपकिरी आहेत. आजोबा आठवडाभर एकाच मोज्यावर फिरत होते.”

ती बाजू आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. पिशवी रँचवाल्याकडे गेली तेव्हा व्हर्ना सहा वर्षांची होती. सहाव्या वर्षीचं मला माझ्या आईचं तोंडही धड आठवत नाही. तिची आठवण चुकली असती, तर क्लाइडने सभ्यपणे मान हलवली असती आणि ती त्या खोलीत पुन्हा कधी आली नसती. खिळे मीच काढायला घेतले. एक खिळा वाकला.

मागच्या बाजूला उजेड लागलाच नव्हता. पुढचे रंग विटून गेले होते, इथे हिरवा रंग काल विणल्यासारखा गर्द होता. मी झाडं मोजली. शेवटची दोन तपकिरी.

क्लाइड चांगला माणूस आहे, फक्त त्याला वेळ लागतो. तो उठला, टोपी काढली, आणि पिशवी घरी न्यायची असेल तर समितीची हरकत नाही, असं म्हणाला.

“दिलेली आहे ती,” व्हर्ना म्हणाली. “फक्त खिळे नका ठोकू.”

सगळे गेल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि आजीचं नाव विचारलं. तिने तिच्या बोलीतलं नाव सांगितलं. मी ते तीनदा चुकीचं लिहिलं, तिने तीनदा सुधारलं. अर्थ ‘वाऱ्याआधी पोचणारी’. मग सहज म्हणून मी विचारलं, तुलाही तुमच्यातलं नाव असेल ना?

“हेच,” ती म्हणाली. “आजी गेल्यानंतर सगळ्यांना जेवण घालून मला दिलं. माझं खरं नाव तेच. व्हर्ना शाळेच्या हजेरीसाठी.”

तीस वर्षं मी तिच्या हातचे कंद खाल्ले. मला माझीच लाज वाटली. मी कागदाकडे बघत तिला त्या नावाने हाक मारली. ती खिडकीतून डोंगराकडे बघत होती, वळली नाही.

“चुकलं,” ती म्हणाली. “पुन्हा हाक मार.”