ठेंगण्या दाराचं घर

सतीश आमच्या रांजणगावच्या कारखान्यात फिटर. कोरेगाव भीमातलं त्याचं घर रस्ता रुंद करताना गेलं. वडील साहेबराव त्याआधीच वारलेले. घराचा एकही फोटो नव्हता. आई भागुबाईला घेऊन तो कारेगावात भाड्याच्या खोलीत राहायला आला.

२००२ साली शिरूरच्या सायबर कॅफेत त्याला एक बंदुकीचा गेम सापडला. त्यात भिंती-दारं आपली आपण रचता यायची. धावणं, लपणं, गोळीबार गेम आयता पुरवायचा. गडी हरखला. गेलेलं घर त्यात पुन्हा उभं करायचं त्यानं ठरवलं. गुरुवारची सुट्टी आली की तो तिथंच. मापं आईची. भिंती तिनंच वर्षानुवर्षं सारवलेल्या, त्यामुळे कुठली भिंत किती हात, कोनाडा केवढ्या उंचीवर, सगळं तिला पाठ. चार महिन्यांत घर उभं राहिलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तिला दाखवायचं ठरलं.

तोवर कॅफेतली पोरं त्यात खेळायला लागली आणि कुरकुर सुरू झाली. दार ठेंगणं, आत शिरताना वाकायचं बटण दाबावं लागतं, तेवढ्यात माणूस मरतो. सतीशनं दार उंच केलं. एकाच दारात सगळे अडकतात म्हणून मागं दुसरं काढलं. नेम धरायला खिडक्या आल्या, पळायला जिना आला. मी विचारलं, घर बांधतोयस की बुरूज? तो नुसता हसला. आपल्या घरात पुन्हा माणसांची वर्दळ आहे, याचंच त्याला अप्रूप. मूर्खपणा एकच केला, त्याचा मला अजून राग येतो. प्रत्येक बदल त्यानं जुन्याच फाइलवर सेव्ह केला.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर भागुबाई कॅफेत आली. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हे कुणाचं घर रं?"

सतीशचा चेहरा उतरला. "आपलंच हाय, आई."

तिनं मान डोलावली. पोराचं मन कशाला मोडा. पण पुढं ती दर गुरुवारी बघायला यायला लागली, आणि तिला नको म्हणणं त्याला काही जमेना.

कारखान्यात ओव्हरटाइम चाललेला, त्यामुळे जुनं घर परत रचायला त्यानं घेतलं ते तीन महिन्यांनी. आईला शेजारी बसवून मापं विचारली. कोनाड्यापर्यंत तिनं बरोबर सांगितलं.

"आन् मागच्या दारापास्नं चूल चार हात," ती म्हणाली.

सतीशचा हात थांबला. त्या घराला मागचं दार कधीच नव्हतं, आणि त्या घरात राहिलेल्यांपैकी हे माहीत असलेला माणूस आता तो एकटाच उरला होता.