सुंदराच्या जाळ्यातलं मोकळं घर

सापगावात सुंदराकडून जाळं विणून घेणारा एकदाच तक्रार करी. काकी, विणीतलं मधलं एक घर सुटलंय, हात आरपार जातो. ती ऐकून घेई आणि पुढच्या जाळ्यातही ते घर तसंच मोकळं सोडी. लोक मग घरी नेऊन आपणच गाठ मारून घेत.

कारण गावाला ठाऊक होतं. फेकजाळ्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. पुरात तिचा नवरा वाळू याचं जाळं बुडालेल्या झाडात अडकलं आणि दोरीने त्यालाही खाली नेलं. पाणी ओसरल्यावर सापडला तो त्याच जाळ्यात गुरफटलेला. दीर कुंडलिकने तोंडावर धोतर टाकलं. म्हणाला, "वयनी, नको बघू."

तिने बघितलं नाही. पण चिता विझली तरी मन मानेना. धोतराखाली वाळूच होता का? आणि तो नसेल, पाण्याखाली अजून कुठे चाचपडत असेल, तर हात बाहेर काढायला जागा नको?

दोन हजार सालानंतर मुरबाड रस्त्यावरच्या बंद खदाणीत परदेशी मालिकेचं शूटिंग आलं, रोमन लोकांच्या झुंजींचं. हत्यारं सांभाळणारा कल्याणचा ओमकार जाळ्यासाठी तिच्या ओटीवर येऊन बसू लागला. बोलका होता. कुणाची तलवार वाकडी आणि ढाल इवलीशी, कुणाच्या टोपावर माशाच्या परासारखा तुरा, सगळं हातवारे करून सांगे. जाळं फेकून लढणाऱ्या जाळंवाल्याला मात्र टोप नाही, ढालही नाही. डाव्या खांद्यावर पत्रा, हातात त्रिशूळ, कमरेला सुरा. त्याच्याशी लढणाऱ्याचा टोप साफ गुळगुळीत, जाळं कुठे अडकू नये म्हणून. डोळ्यांपुरती दोन भोकं, बाकी सगळा चेहरा लोखंडात.

सुंदराची सुई थांबली. "याचं तोंड कुनालाच दिसत नाय?"

"नाय ना, मावशी. दिसलं तर मारणाऱ्याचा हात थांबेल."

त्या जाळ्यातही तिने ते घर सोडलं.

शूटिंगच्या दिवशी तिला बोलावलं होतं, कारण दर फेकीनंतर गुंता सोडवून जाळं पुन्हा हातात घडी करून देणं दुसऱ्या कुणाला जमेना. जाळंवाला सिद्धगडाकडचा, नदीवर वाढलेला. त्याने दोरी मनगटाला बांधली, कमरेतून वळला, आणि जाळं ताटासारखं उघडून टोपवाल्यावर पडलं. तो धुळीत कोसळला आणि त्याला सांगितलं होतं तसा निपचित राहिला. शूटिंगच्या साहेबाने थांबा म्हणून हात वर केला. माणसं सावलीकडे पांगली.

सुंदरा जाळं उचलायला गेली आणि तिथेच खाली बसली. खडकावर लोखंडी तोंड, त्यावर ओळखीच्या गाठी. भोकांतून काहीच दिसत नव्हतं. या वेळी नको बघू म्हणणारं कुणी नव्हतं, तरी तिचा हात पुढे होईना.

मग मधल्या घरातून एक पंजा बाहेर आला आणि हवेत चाचपडू लागला.

तिने तो धरला. गरम होता, घामाने ओला. दुसऱ्या हाताने तिने जाळं बाजूला केलं, हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि टोप उचलला. आत एक परका पोरगा, गालांवर अस्तराचे वळ.

"काकी, मेलो नाय अजून," तो हसला. "पाणी द्या."

ती बघत राहिली. कपाळ, भुवया, ओठ, एकेक करून सगळं. पोरगा ओशाळला, तेव्हा कुठे तिने त्याचा हात सोडला.

"नाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पाणी आणायला उठली.

काम आटोपल्यावर ओमकारने जाळं तिलाच देऊन टाकलं. तिन्हीसांजेला तिने ते ओटीवर पसरलं, सुईत दोरा भरला. गाठ मारण्याआधी मधल्या घरातून आपला हात पलीकडे घातला आणि तसाच ठेवला.

कुणी धरला नाही. अंधार दाटेपर्यंत तिने वाट पाहिली, मग हात मागे घेतला आणि ते घर बंद केलं.