एकटीची टीम

खारघरच्या एका कॉलेजात शाळांची विभागीय रोबोटिक्स स्पर्धा होती. मी आमच्या शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते. शेजारच्या टेबलावर उरणकडची दहावीतली एक मुलगी एकटीच रोबोटचे स्क्रू आवळत बसली होती. एकेक स्क्रू घट्ट झाला की स्वतःशीच मान हलवायची.

"बाकीची टीम कुठंय गं?" मी विचारलं.

"त्यांचे क्लास हायत, मॅडम. बोर्डाचं टेन्शन," ती म्हणाली. "पन रोबोट सगल्यांनी मिलून बनवलाय."

तिच्या रोबोटने शेवटचा चेंडू टोपलीत टाकला, तेव्हा आमची मुलंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. तिने हसत वळून टाळी द्यायला हात वर केला. शेजारी कोणीच नव्हतं. मग त्याच हाताने तिने केस मागे सारले.

तिला तिसरं बक्षीस मिळालं. फोटोसाठी तिने रोबोट मधे ठेवला आणि स्वतः पार कडेला जाऊन उभी राहिली.

"अगं, एकटीच आहेस ना? मधे ये," फोटोवाला म्हणाला.

ती जागची हलली नाही.

"असू द्या," ती म्हणाली. "टीमचा फोटो हाय."