शिवणीतली माया

घरात तिला ढब्बू म्हणत. आईनं लाडानं ठेवलेलं नाव; गल्लीनं ते उचललं आणि त्यातला लाड तेवढा गळून गेला. टेलरच्या दुकानात मास्तरांच्या हाताखाली ती शिकली, आणि तिचा हात असा बसला की नवऱ्यामुली थेट मास्तरांनाच सांगायच्या, "तुम्ही नको, ढब्बूताईच शिवू देत." दुसऱ्यांचे चर्चमधल्या लग्नाचे पांढरे झगे शिवता शिवता तिची तिशी उलटली, तेव्हा कुठं टपालखात्यातल्या एका कारकुनाचं स्थळ आलं.

मुलगा बरा होता. त्याची आई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो. पण फोटोत हिच्या शेजारी आमचा मुलगा दिसेल ना?" सगळे हसले. मुलगाही हसला. आणि ही बया, काय सांगावं, तीसुद्धा हसली! निघताना दारात तो हळूच म्हणाला, "लग्नापर्यंत जरा मनावर घे."

घेतलं की मनावर. सकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या. खालचे भाडेकरू छताकडं बघत जीव मुठीत धरून बसायचे. डब्यात उकडलेला दुधी नाहीतर काकडी. दुकानात कुणी केक आणला की ही काजं करायचं निमित्त काढून माळ्यावर जाऊन बसायची. एकदा मशीनवरच भोवळ आली आणि सुई बोटात घुसली.

"अगं, लग्न करायचंय की मरायचंय?" मास्तर ओरडले.

"आधी लग्न तर होऊ द्या," ती म्हणाली.

स्वतःचा झगा तिनं असलेल्या अंगावर बेतलाच नाही, व्हायचं होतं त्या मापावर बेतला. आता शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडतात, पुढं अंग भरलं तर उसवून मोकळं करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. हिनं कात्री घेतली आणि ती मायाच छाटून टाकली.

"माया तरी सोड, पोरी!" मास्तरांनी डोक्याला हात लावला.

"सोडली की मन सैल पडतं, मास्तर."

नवऱ्याचा कोटही तिनंच शिवला, अगदी हौसेनं. त्यात मात्र मास्तरांना बोलायला जागा ठेवली नाही.

लग्नात झगा अंगावर चपखल बसला. नवरा मित्रांना सांगत सुटला, "माझ्या एका शब्दावर उतरली! मायासुद्धा कापून टाकली म्हणे." सासूबाई म्हणाल्या, "चेहरा किती ओढलाय! आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणतील लोक." म्हणजे घ्या!

पुढं दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तो कपाटातून झगा काढून पलंगावर पसरायचा. "बघू, बसतो का." पहिल्या वर्षी बसला. मुलगा झाल्यावर हूक लागेना, तेव्हा तो म्हणाला, "सोडलंस ना ताळतंत्र?" आणि झगा तसाच पलंगावर टाकून निघून गेला. तेव्हापासून तो दिवस जवळ आला की हिचा पुन्हा उकडलेला दुधी सुरू. गावभरच्या बायकांचे कपडे उसवून मोकळे करणारी बाई स्वतःच्या घरात श्वास कोंडून उभी राहायची. चीड येते हो, त्याची येते तशी तिचीही येते.

पंचविसाव्या वाढदिवसाला सुनेनं हट्ट धरला, दोघांनी लग्नातलेच कपडे घालून फोटो काढायचा. नवऱ्यानं कोट चढवला. एवढी ढेरी सुटलेली, तरी बटणं अलगद लागली. तो आरशासमोर खूश होऊन वळला. ही झगा हातात घेऊन तशीच उभी.

"घाल की."

"होत नाही."

"मग उसव ना जरा! तुझंच तर काम आहे. बघ, माझा कोट अजून कसा बसतो!"

"तुमचा मी तीनदा उसवलाय," ती म्हणाली. "त्यात मी माया सोडली होती."

त्याला काही कळलं नाही. तो टाय शोधायला लागला. तिनं झग्याची घडी घातली आणि खाली जाऊन सुनेला सांगितलं, यांचा एकट्याचाच काढ.