हरेश्वरच्या नावाची काठी

वेसाव्यात कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं की सगुणा दारातच थांबायची. आत गेली की घरच्या बाईचं कुंकवाचं बोट मध्येच अडखळायचं. हिला लावावं की लावू नये? त्या अडखळण्याची लाज मग दोघींनाही वाटायची. म्हणून सगुणा बाहेरूनच ओरडायची, "गो बाय, मना बाजार हाय, मी जाते!" आणि खरोखरच पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या वाटेला लागायची. बाजारात शेजारी बसणारी एक सरूबाई तेवढी तिच्यामागे धावत यायची आणि भर रस्त्यात तिच्या कपाळावर कुंकू टेकवायची. वर म्हणायची, "घे. तुझा नवरा हाय का नाय ते तू आन् दर्या बघून घ्या. मना इचारू नको."

सगुणाचा नवरा हरेश्वर चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या फेरीला गेला होता. मशिनची होडी, पाच माणसं. परतताना वादळात होडी उलटली. दोघांना दुसऱ्या होडीने उचललं. दोघांची प्रेतं चार दिवसांनी वरच्या किनाऱ्याला लागली. हरेश्वरचं काहीच लागलं नाही, अंगातली बंडीसुद्धा नाही. सगुणाचा मुलगा बळवंत तेव्हा दहा वर्षांचा होता.

सगुणाने हिरव्या बांगड्या उतरवल्या नाहीत. ती वेडी नव्हती. बाजारात तिला फसवणं कुणाला जमलं नव्हतं, आणि दर्यात गेलेला माणूस इतक्या वर्षांनी परत येत नाही हे तिला वेसाव्यातल्या कुणाहूनही जास्त कळत होतं. पण प्रेत नव्हतं, त्यामुळे त्याला मेला म्हणायचं तर ते कुणीतरी तोंडाने म्हणावं लागणार होतं. आणि ते कुणीतरी म्हणजे ती.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात होड्या वर ओढून झाल्या आणि तिचा दीर राजाराम ओटीवर येऊन बसला.

"वहिनी, बारा वर्षं भरली," तो म्हणाला. "आता शास्त्रालासुद्धा थांबायचं कारण नाय. भटजी बोलतो, दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं-बारावं. नारळी पुनवेच्या आत उरकून घेऊ."

"उरकून?" सगुणा म्हणाली. "भांडी हायत का ती?"

"तसं नाय. पण पोरगा आता स्वतः दर्यात जातो. लोक बोलतात, बापाला गती नाय म्हणून याच्या जाळ्याला मासळी नाय."

"लोकांच्या जाळ्याला किती लागते ते मना ठाऊक हाय."

बळवंत खांबाला टेकून उभा होता. बाविशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याने आईकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "आये, तू हो बोल. बाकी मी करतो."

दुसऱ्या दिवशी सगुणा बाजारात सरूबाईला म्हणाली, "मी हो बोलायचं आन् तो मरायचा. बारा वर्षं दर्याने सांगितलं नाय ते मी सांगायचं?"

सरूबाईकडे यावर एक उपाय होता. पावसाळ्याआधी होड्या बंद झाल्या की वेसाव्याच्या बाया दरवर्षी कुठेतरी यात्रेला जायच्या. काशी झाली होती, रामेश्वर झालं होतं. यंदा अंधेरीचा नंदकुमार नावाचा पोरगेलासा यात्रावाला चार दिवस भूतान आणि परतताना दार्जिलिंग करत होता.

"थंय देव कनचा?" सरूबाईने त्याला विचारलं.

"बुद्ध, मावशी. मोठमोठे मठ आहेत. डोंगरच डोंगर. झकास थंडी."

"दर्या?"

"दर्या कुठला? समुद्र तिथून पाचशे मैल लांब."

सगुणा शेजारच्या पाटीवर सुके बोंबील निवडत होती. तिने मान वर केली. "मी येते," ती म्हणाली.

राजारामला तिने सांगितलं, परत आल्यावर बोलू.

गाडीतले तीन दिवस सरूबाईच्या पिशवीतल्या सुक्या कोलंबीच्या सोड्यांच्या वासावरून डब्यात भांडणं झाली. कलकत्त्यानंतर तीच माणसं तिच्याकडून सोडे मागून भाताबरोबर खाऊ लागली. मग बस, मग सरहद्दीचं गाव, तिथे परवान्यावर शिक्के, आणि मग चढण. रस्त्याने डोंगराला सापासारखे वेटोळे घातलेले. सगुणाच्या कानात दडे बसले. वर पोचल्यावर तिला पहिली गोष्ट जाणवली ती वासाची. हवेला वासच नव्हता. जन्मापासून नाकात बसलेली मासळी, मीठ, डांबर, सगळं एकदम निघून गेलं होतं. तिला उघडं पडल्यासारखं झालं.

राजधानीत नंदकुमारने त्यांना एक पांढरा स्तूप दाखवला. म्हातारी माणसं हातातली चक्रं फिरवत त्याला फेऱ्या घालत होती. "इथल्या आधीच्या राजाच्या आठवणीसाठी बांधला," तो म्हणाला. "पण आत राजाच्या अस्थी वगैरे काही नाहीत हां. नुसता फोटो आहे."

"आत कोण नाय तरी फेऱ्या घालतात?" सगुणाने विचारलं.

"आठवण म्हणून."

सरूबाई लगेच फेऱ्या घालायला गेली. सगुणा पायरीवर बसून राहिली आणि विचारलं तर गुडघा दुखतो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पारो नावाच्या गावाच्या वाटेवर चढणीला बस तापली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरमधून वाफेचा फवारा. पाणी घालण्याआधी इंजिन थंड व्हायला हवं होतं, म्हणून ड्रायव्हर आणि नंदकुमार फडकी घेऊन थांबले आणि प्रवासी पाय मोकळे करायला उतरले. वरच्या उतारावरून माणसांचे आवाज येत होते, आणि मधूनच कर्ण्यासारखा एक जाडा सूर. सगुणा पदर खोचून वर चढली. मागून सरूबाई धापा टाकत, त्या डोंगराला आणि नंदकुमारला शिव्या देत.

वर दहा-बारा माणसं काठ्या उभ्या करत होती. काठ्या म्हणजे पाइनचे साल काढलेले उंच सोट. प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत पांढरं कापड लावलेलं आणि कापडावर बारीक अक्षरं छापलेली. वीसेक काठ्या उभ्या होत्या आणि त्यांची कापडं शिडासारखी फडफडत होती. बाकीच्या गवतात आडव्या होत्या. बाजूला ओल्या फांद्यांचा सुवासिक धूर. एक लामा मांडीवर पोथी घेऊन वाचत होता.

सगुणाचा चेहरा उजळला. "सरू, अगो बघ! हे तं होळी उभी करतात!"

वेसाव्यात होळीला असंच उंच झाड आणून, सजवून, दोर लावून उभं करतात. फडफडणारा बावटा वेसाव्याच्या माणसाने कधी दुःखाचा पाहिलेला नाही. बावटा होळीला लागतो, नारळी पुनवेला लागतो, नव्या होडीला लागतो. समोर एक काठी अर्धी उठून अडली होती. बुंधा खड्ड्यात नीट बसला नव्हता आणि वरचं टोक वाऱ्याने एका बाजूला ओढत होतं. खालची माणसं नुसता जोर लावत होती. सगुणाने आयुष्यभर दर पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढल्या होत्या. अशा वेळी आधी बुंध्याला टेका द्यायचा आणि वारा थांबायची वाट बघायची, हे तिला सांगावं लागलं नाही. ती पुढे झाली, खांदा लावला आणि ओरडली, "हय्या रे!"

माणसं दचकली. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, कुठून आली ही बाई? पण वारा पडला तसा त्यांनीही जोर केला आणि काठी खाड्कन खड्ड्यात बसली. कुणीतरी हसलं. सगुणा पुढच्या काठीकडे वळली. तीन काठ्या झाल्या, चार झाल्या. धुराने असो की कशाने, तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तिथे एक म्हातारी होती, केस बारीक कापलेली. ती मघापासून सगुणाकडे पाहत होती. ती उठली, तिने सगुणाचा हात धरला आणि गवतातल्या एका काठीपाशी नेलं. मग लामाशी काही बोलली. लामाने सगुणाकडे बोट करून मोडक्या हिंदीत विचारलं, "नाम?"

सगुणाला वाटलं, होळीला घरधन्याच्या नावाने नारळ ठेवतात, तसंच हे असणार. देवा, त्याच्या होडीला जप, त्याला जप.

"हरेश्वर," ती मोठ्याने म्हणाली. "हरेश्वर बोला."

लामाने ते नाव आपल्या परीने उच्चारलं, पुन्हा उच्चारलं, पोथीत गुंफलं, तांदूळ उधळले. बारा वर्षांत वेसाव्यात तिच्यासमोर कुणी ते नाव असं न बिचकता घेतलं नव्हतं. तिने स्वतः काठी उचलली, म्हातारीनेही हात लावला. कापड वाऱ्याने भरलं आणि ताठ झालं. सगुणाने वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात नंदकुमार हाताचं ग्रीस पुसत वर आला. त्याने तिथल्या एका माणसाला हिंदीत काही विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी," तो हळू म्हणाला, "तुम्ही कुणाचं नाव सांगितलंत?"

"माझ्या मालकांचं. का रे?"

"ह्या... ह्या मेलेल्या माणसांसाठी असतात, मावशी. या आजीचा नवरा गेल्या महिन्यात गेला. त्याच्यासाठी एकशे आठ काठ्या लावतायत. तुम्ही खांदा दिलात, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, तर ती म्हणाली हिचंही कुणीतरी गेलं असणार. म्हणून आपल्यातली एक तिने तुम्हाला दिली."

सगुणा तिथेच गवतात बसली.

"काढायला सांग ती!" सरूबाई कडाडली. "नंद्या, आत्ताच्या आत्ता काढायला सांग! काय वाट लावलीस रे! आधी नाय सांगता आलं?"

"मी इंजिनाजवळ होतो, मावशी..."

"थांब सरू," सगुणा म्हणाली. "राजाराम बारा वर्षं माझ्या तोंडून हो काढायला बघत होता. आन् मी आज माझ्याच खांद्याने..."

म्हातारीला भांडण कळलं नाही. ती सगुणाशेजारी येऊन बसली आणि वर फडफडणाऱ्या कापडांकडे पाहत राहिली. जणू दोघी एकाच कामाला आल्या होत्या.

सगुणाने विचारलं, "नंदू, हिला इचार, पुढे याचं काय करतात? जाळतात?"

नंदकुमारने विचारून सांगितलं, "काही नाही करत. तसंच ठेवतात. वाऱ्याने विरत जातं, पावसाने अक्षरं पुसतात, शेवटी नुसती काठी राहते. कुणी काढत नाही. ती म्हणते, विरलं की पोचलं."

सगुणाने वर पाहिलं. कुणी हो म्हणायला नको, कुणी अग्नी द्यायला नको. वारा आपल्या वेळेने नेईल.

"राहू दे," ती म्हणाली.

वेसाव्याला परतल्यावर तिने बळवंतला सगळं सांगितलं. दुपार होती, तो ओटीवर जाळं विणत बसला होता. सांगताना तिला हलकं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "झालं तर. तुझ्या काकाला सांग, आता काय करायला नको. माझ्या हातून झालं."

बळवंतचा हात थांबला.

"तुझ्या हातून," तो म्हणाला.

"हां."

"आये, मी कोण त्याचा?"

हा पोर सगुणाशी एवढ्या चढ्या आवाजात कधी बोलला नव्हता.

"दहा वर्षांचा होतो मी. ज्यांची प्रेतं लागली त्या दोघांच्या पोरांनी डोकी भादरली, रडली, जेवण घातलं. मना तू शाळेत पाठवलंस. बोललीस, तुझ्या बापाला काय झालेलं नाय. मी रडलो तर तुला वाटेल मी त्याला मारला, म्हणून रडलो नाय. बारा वर्षं तू हो बोलायची वाट बघितली. आन् तू तिकडं, कोण लामाच्या हातून..." त्याने जाळं बाजूला सारलं. "माझा बाप होता तो. मी काय केलं त्याच्यासाठी?"

इतकी वर्षं सगुणाला वाटत होतं की ते हो आपल्या एकटीच्या गळ्यात अडकलंय. त्या शब्दाच्या पलीकडे दहा वर्षांचा पोरगा उभा आहे, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"कर," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या हाताने कर. मी हो बोलते."

पुढच्या अमावास्येला वेसाव्याच्या किनाऱ्यावर विधी झाला. भटजीने दर्भाचा माणूस केला, बळवंतने अग्नी दिला. सकाळीच सगुणाने आपल्या बांगड्या एकेक करून स्वतः उतरवल्या. बायका फोडायला आल्या होत्या, त्यांना तिने हात लावू दिला नाही. सरूबाई कोपऱ्यात बसून रडत होती आणि सगुणाच तिला पाणी देत होती.

बळवंत घरी आला तेव्हा डोकं भादरलेलं, धोतर ओलं. तो आत आला नाही, पायरीवरच बसला. त्याचे डोळे सुजले होते. सगुणा त्याच्या शेजारी टेकली.

"आये," तो म्हणाला, "बाबा कसा होता? मना नीट आठवत नाय. तुला इचारायची भीती वाटायची."

सगुणाने नाक शिंकरलं, पदराने डोळे पुसले.

"उंच होता," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा थोडा जास्त. गाणं बोलायचा सारखा, पण चाल कदी धरता आली नाय त्याला. होडी बंदराला लागायच्या आधी त्याचा तो बेसूर आवाज यायचा, मग आमी बाया पाट्या घेऊन निघायचो. आन् तापट किती! एकदा तुझ्या आजीशी भांडला तं..."

ती सांगत गेली आणि बळवंत मध्ये मध्ये विचारत राहिला.